कम्युनिटी नोट्स: खुलासा चोख, पण वरातीमागून

एक्सवर बोट फिरवत असताना एखाद्या पोस्टखाली चौकट दिसते. वर 'वाचकांनी संदर्भ जोडला आहे' अशा अर्थाची ओळ, खाली दोन-तीन वाक्यं, शेवटी एखाद-दुसरी लिंक. वरची पोस्ट लाखो लोकांनी डोक्यावर घेतलेली असते आणि चौकट कोरड्या आवाजात सांगते की हा व्हिडिओ जुना आहे आणि दुसऱ्याच देशातला आहे. हीच ती कम्युनिटी नोट्स नावाची सोय: नोट वाचकच लिहितात, आणि ती उपयोगी आहे की नाही यावर मतही वाचकच देतात. समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी बातम्यांच्या नावाने आजवर जे जे काही बाजारात आणलं, त्यात कुणीतरी खरोखर डोकं चालवून केलेली मला दिसली ती ही एकच. तरीही तिच्या भरवशावर चालू घडामोडी वाचायच्या म्हणाल तर पंचाईत होईल.

हे मी कोणत्या नजरेने म्हणते आहे ते आधी सांगते. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर काम केलेली बाई. डेस्कवर खुलासा हा प्रकार सगळ्यांचा नावडता. चूक पहिल्या पानावर ठळक टायपात, आणि खुलासा आत कुठेतरी निविदांच्या शेजारी, असा रिवाज. ज्याने चूक वाचली त्याच्या नजरेला खुलासा पडण्याची शक्यता जवळपास नाहीच. त्यामुळे कुठलीही दुरुस्तीची व्यवस्था बघताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: दुरुस्ती चुकीच्या शेजारी बसते का? कम्युनिटी नोट्स इथे पैकीच्या पैकी गुण घेते. नोट पोस्टलाच चिकटते. पोस्ट जिथे जाईल तिथे नोट जाते. शिवाय नोट लागायच्या आधी ज्यांनी ती पोस्ट लाइक केली किंवा पुढे पाठवली, त्यांना नंतर सूचना जाते की तुम्ही हात लावलेल्या पोस्टवर नोट आली आहे. चुकीची बातमी वाचलेल्या वाचकाच्या घरी जाऊन खुलासा दाखवणं आम्हाला कधी जमलं नसतं.

मूळ नाव बर्डवॉच. ट्विटरने जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेत चाचणी म्हणून सुरू केलं, म्हणजे इलॉन मस्क यांनी कंपनी घ्यायच्या बऱ्याच आधी. हे मुद्दाम सांगते, कारण श्रेय भलत्याच खात्यावर जमा होतं. मस्क आल्यावर नाव बदललं आणि २०२२ च्या अखेरीस नोटा जगभर दिसू लागल्या. त्यांनी ती बंद केली नाही आणि उलट वाढवली, एवढं श्रेय मात्र त्यांना द्यायला हवं. मालकाच्या स्वतःच्या पोस्टवरही नोटा लागल्या आहेत. किती मालक हे चालवून घेतील?

आता यंत्राच्या पोटात काय आहे ते बघू, कारण सगळी गंमत तिथे आहे.

बहुतेकांना वाटतं की जास्त लोकांनी 'उपयोगी' म्हटलं की नोट दिसते. तसं असतं तर ज्या टोळीची माणसं जास्त तिचीच नोट, असा खेळ झाला असता. इथे मतं मोजत नाहीत, मतं कुणाकडून आली ते बघतात. पण तुम्ही डावे की उजवे, असं कुणी विचारत नाही. तुम्ही आजवर कोणत्या नोटांना हो म्हणालात आणि कोणत्यांना नाही, यावरून गणित तुम्हाला एका रेषेवर कुठेतरी बसवतं. नोटेलाही त्याच रेषेवर जागा देतं. मग प्रत्येक मताची फोड होते: हा माणूस मुळातच सढळ हाताने 'हो' म्हणणारा आहे का, आणि नोट त्याच्या बाजूची आहे म्हणून हो म्हणतो आहे का. हे दोन्ही वजा करून जे उरतं ते नोटेचं स्वतःचं वजन. ढोबळमानाने हे वजन ०.४० च्या वर गेलं की नोट सगळ्यांना दिसते.

या गणिताला मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन म्हणतात. 'तुम्हाला हा चित्रपटही आवडेल' असं सांगणाऱ्या यंत्रणा याच कुळातल्या. नेटफ्लिक्सने मोठं बक्षीस लावून जी स्पर्धा घेतली होती, तिच्यामुळे हे तंत्र गाजलं. तिथे तुमची आवड ओळखून तीच तुम्हाला पुन्हा वाढायची असते. इथे तुमची आवड ओळखून ती बाजूला काढायची असते. तेच हत्यार, उलट्या कामाला लावलेलं. ज्याला कुणाला हे पहिल्यांदा सुचलं त्याला माझा नमस्कार.

आणि हे सगळं उघडं आहे. गणिताचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, नोटा आणि रेटिंगचा डेटा डाउनलोडला खुला. अमुक नोट का दिसली आणि तमुक का नाही, हे संगणक येणारा कुणीही स्वतः चालवून बघू शकतो. एथेरियम या आभासी चलनाच्या व्यवस्थेचे सहसंस्थापक व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०२३ मध्ये हा कोड वाचून त्यावर लांबलचक लिहिलं होतं. बाकी कुठल्या कंपनीने आपला फीड कसा ठरतो ते असं उघडून दाखवलं आहे?

तंत्रज्ञानाच्या बातम्यांत ही सोय तळपते. कारण तिथे खोट्याचा पोत ठरलेला असतो. व्हिडिओ गेममधली लढाई खऱ्या युद्धाचं चित्रण म्हणून फिरते. 'आर्मा ३' या खेळाचं इतक्यांदा असं झालं की तो बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने २०२२ मध्ये खोटं कसं ओळखावं याचं निवेदनच काढलं. कुठल्यातरी यंत्रमानवाची चित्रफीत येते आणि त्याला दुरून माणूस चालवत होता हे कुणी सांगत नाही. टेस्लाच्या ऑक्टोबर २०२४ च्या सोहळ्यात पाहुण्यांशी गप्पा मारणाऱ्या ऑप्टिमस यंत्रमानवांमागे माणसंच होती. गुगलने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या जेमिनी या एआयची जी चित्रफीत दाखवली, तीत यंत्र समोरचं बघत पटापट बोलतंय असं वाटत होतं. प्रत्यक्षात स्थिरचित्रं आणि लिहिलेले प्रश्न देऊन उत्तरं घेतली होती. असे दावे म्हणजे नोटेसाठी तयार माल. एक वाक्य, एक लिंक, विषय संपला. डाव्याला पटतं, उजव्याला पटतं, कारण दोघांनाही फसवून घ्यायला आवडत नाही.

चित्रांच्या बाबतीत तर आणखी एक सोय आहे. २२ मे २०२३ ला पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं एक बनावट चित्र निळ्या टिकवाल्या खात्यांवरून फिरलं आणि अमेरिकेचा शेअर बाजार क्षणभर घसरला. त्यानंतर साधारण आठवड्याभराने कंपनीने चित्रावर नोट लावायची सोय आणली. चित्राला एकदा नोट लागली की तेच चित्र दुसऱ्या कुणी टाकलं तरी तिथेही ती आपोआप दिसते. एकेका पोस्टमागे धावत बसावं लागत नाही. हे खरं कामाचं.

जाहिरातींवरही नोटा लागतात, याचा मला आसुरी आनंद होतो. पैसे मोजून समोर आणलेली मोबाइल गेमची जाहिरात, आणि खाली वाचक सांगतायत की यात दाखवलेला खेळ त्या गेममध्ये नाहीच. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून नोट लागलेल्या पोस्टवर लिहिणाऱ्याला जाहिरातीच्या कमाईतला वाटा मिळत नाही. खोटं बोलून पोट भरणाऱ्याच्या हे बरोबर वर्मी लागतं.

गप्प राहणं हेही कधीकधी तिचं शहाणपण ठरतं. २०२३ च्या जुलैत एलके-९९ चं वेड आठवतं? खोलीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात अडथळा न करणारा, पदार्थ सापडल्याचा कोरियातल्या संशोधकांचा दावा, आणि मग जो तो खडे तरंगताना दाखवायला लागला. त्या काळात खरं काय हे प्रयोगशाळांनाही ठाऊक नव्हतं. पुढे ऑगस्टच्या मध्यापर्यंत कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे तसं भासत होतं हे उलगडलं. अशा वेळी नोटेने काय लिहायचं? 'थांबा, अजून ठरलेलं नाही' एवढंच. बातमीच्या धंद्यात हे वाक्य विकलं जात नाही. मला अशी नोट दिसली की मी डोळे झाकून 'उपयोगी' म्हणते. म्हणजे, लिंक उघडून मग.

आता वरातीमागची घोडी.

दोन टोकांच्या माणसांची एकाच नोटेवर सहमती व्हायला वेळ लागतो. तोवर पोस्ट गाव फिरून आलेली असते. नोट लागल्यावर पुढे पाठवणं आणि लाइक्स झपाट्याने घटतात हे संशोधनात दिसलं आहे, पण पसरायचं ते बहुतेक आधीच पसरलेलं असतं. कंपनीने वेग वाढवायची खटपट केली आहे. तरी खोट्याला सहमती लागत नाही आणि खुलाशाला लागते, हा फरक कोडने मिटणारा नाही.

त्याहून मोठं दुखणं म्हणजे न लागणाऱ्या नोटा. डिजिटल डेमोक्रसी इन्स्टिट्यूट ऑफ द अमेरिकाज या संस्थेने २०२१ पासून मार्च २०२५ पर्यंतच्या नोटा तपासल्या, तेव्हा दहातल्या नऊहून अधिक नोटा लोकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत असं दिसलं. त्यातल्या पुष्कळ टाकाऊ असणार, यात मला शंका नाही. जे लिहून येतं ते सगळं छापलं असतं तर डेस्कची गरजच नव्हती. पण सगळ्याच टाकाऊ नसतात. सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट या संस्थेने अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीबाबतच्या २८३ दिशाभूल करणाऱ्या पोस्ट घेतल्या, ज्यांवर कुणीतरी नोट लिहिलेली होती. त्यातल्या २०९ पोस्टवर, म्हणजे ७४ टक्क्यांवर, अचूक नोट वाचकाला दिसतच नव्हती. खुलासा तयार, पान तयार, पण छापायची परवानगी नाही.

दोष कुणाचा? गणिताचा नाही. गणित सांगितलेलं काम चोख करतं: दोन्ही बाजू सहमत होतील तेच दाखवायचं. पण ज्या विषयावर दोन्ही बाजूंनी आपापलं खरं ठरवून टाकलं आहे, तिथे सहमती कुठून आणायची? म्हणजे जिथे माणसं सगळ्यात जास्त भांडतात, तिथेच चौकट रिकामी. निवडणूक, युद्ध, स्थलांतर, या विषयांवर नोट दिसत नाही म्हणून पोस्ट खरी असं समजू नका. बॅटरी, कॅमेरा, उपग्रह या विषयांवर मात्र ती बऱ्यापैकी भरवशाची. आरोग्यातही, सगळे धरून चालतात त्यापेक्षा बरी. करोनाच्या लशींविषयीच्या नोटांचा एक नमुना संशोधकांनी तपासला, तो अभ्यास २०२४ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. तपासलेल्या नोटांपैकी ९७.५ टक्के पूर्ण अचूक निघाल्या. मुद्दा दिसलेल्या नोटा चुकीच्या असण्याचा नाहीच. न दिसलेल्यांचा आहे.

मालकाचं प्रेम किती खोल आहे याचाही एकदा अंदाज आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प म्हणाले की झेलेन्स्कींना फक्त ४ टक्के पाठिंबा आहे. कीव्हमधल्या संस्थेच्या पाहणीत ५७ टक्के लोकांचा विश्वास दिसत होता आणि नोटा त्याच पाहणीकडे बोट दाखवत होत्या. त्यावर मस्क यांनी जाहीर केलं की सरकारं आणि जुनी माध्यमं ही सोय आपल्याला हवी तशी वळवत आहेत, आणि हे दुरुस्त करू. जोवर गेमच्या जाहिरातीवर नोट लागते तोवर जनतेचा आवाज, आणि आपल्या बाजूला टोचली की कारस्थान. असो. माणसाचा स्वभाव आहे.

हल्ली लोक नोटेची वाटच बघत नाहीत. पोस्टखाली एक्सवरच्या ग्रोक या एआय चॅटबॉटला सरळ 'ग्रोक, हे खरं आहे का?' असं विचारतात आणि काही क्षणांत उत्तर येतं. वेगाच्या बाबतीत नोट इथे चारी मुंड्या चीत. पण मे २०२५ मध्ये हाच ग्रोक भलत्याच प्रश्नांच्या उत्तरात दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा विषय काढत सुटला होता. कुणीतरी परवानगीशिवाय त्याच्या मूळ सूचना बदलल्या असा खुलासा ग्रोक बनवणाऱ्या एक्सएआय कंपनीने केला. ऑगस्टमध्ये एएफपी या वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने गाझात टिपलेलं उपाशी मुलीचं छायाचित्र त्याने येमेनमधलं, २०१८ सालचं, असं ठोकून सांगितलं. एका ठिकाणी सूचना बदलली की सगळी उत्तरं बदलतात, हा त्याचा मूळ रोग. नोटेची ओळ वाकवायची तर परस्परांशी न पटणाऱ्या पुष्कळ लोकांना वाकवावं लागतं. उशीर लागतो तो याचमुळे, आणि मला हा उशीर त्या घाईपेक्षा परवडतो.

जुलै २०२५ पासून एआयलाही नोटा लिहायची मुभा चाचणी म्हणून मिळाली आहे. दाखवायची की नाही ते अजून माणसंच ठरवतात आणि नोट यंत्राची आहे हे लिहिलेलं असतं, ते ठीक. पण अडलंय कुठे? नोटा कमी पडतायत म्हणून नाही. वाचून पारखणारे कमी पडतायत. डेस्कवर उपसंपादक दोनच असताना बातमीदार दुप्पट केले तर अंक लवकर निघत नाही, टेबलावरचा ढीग वाढतो.

फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिच्याबद्दल दोन शब्द, कारण तिथे चित्र आणखी विनोदी आहे. मार्क झकरबर्ग यांनी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत बाहेरच्या तथ्यतपासनीस संस्थांचं काम थांबवण्याची घोषणा केली आणि त्या जागी एक्सच्या धर्तीवर नोटा आणल्या. गणितही एक्सचंच, उघडं असल्यामुळे उचललेलं. आता नोट लिहिणारा सामान्य वाचक लिंक कुठून आणतो? विकिपीडिया, बातम्यांची संकेतस्थळं आणि पुष्कळदा हेच तथ्यतपासनीस. ज्यांचं मानधन बंद केलं, त्यांच्याच कामावर फुकटात नोटा उभ्या. वर मेटाच्या नोटेमुळे पोस्टचा प्रसारही कमी होत नाही. पूर्वी तपासनीसांनी खोटं ठरवलं की पोस्ट खाली जायची. हे झालं काटे काढून ठेवलेलं घड्याळ. टिकटॉकनेही फुटनोट्स नावाने असाच प्रकार सुरू केला आहे, यूट्यूबनेही चाचणी केली. तपासनीसांच्या जोडीला नोटा हव्या होत्या, त्यांना काढून नव्हे.

तारे द्यायचेच तर एक्सच्या नोटांना तंत्रज्ञान आणि विज्ञानासाठी पाचापैकी चार, राजकारणासाठी दोन. मेटाच्या आवृत्तीला एक, तोही गणित उधार आणलंय म्हणून.

तुम्हाला आत यायचं असेल तर खातं सहा महिने जुनं आणि फोन नंबर पडताळलेला हवा. सुरुवातीला फक्त रेटिंग देता येतं. तुमचं रेटिंग नोटेच्या अंतिम निकालाशी जुळत गेलं की गुण वाढतात, आणि पाच गुण झाले की स्वतः नोट लिहिता येते. या रचनेत एक खोच आहे: जिंकणारी नोट ओळखून तिच्या मागे उभं राहायचा मोह होतो. त्यापेक्षा ज्या विषयातलं आपल्याला कळतं तेवढ्याच नोटा उघडा. मी 'नाही' म्हणताना सगळ्यात जास्त खूण करते ती 'दिलेला स्रोत नोटेला आधार देत नाही' या कारणावर; लिंक भारदस्त संस्थेची असते आणि आत भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. भांडणाच्या पोस्टवर तुम्हाला 'एनएनएन' अशी अक्षरं असलेल्या नोटा दिसतील, म्हणजे इथे नोटेची गरज नाही, हे लिहिणाऱ्याचं मत आहे. कधी ते खरं असतं, कधी अडचणीची नोट अडवायची ती युक्ती असते. पोस्टमध्ये तपासता येणारा एखादा आकडा किंवा तारीख आहे का तेवढं बघा आणि त्यावर ठरवा. एनएनएनवाल्याला उलट नोट लिहून उत्तर देत बसू नका. ती कुणाला दिसणार नाही, आणि भांडायला तिथे जागाही २८० अक्षरांचीच आहे.